पालथी होडी

सरळ उभ्या होडीच्या तळाखाली पाठीवर झोपून तळाचं काम करता येतं, आणि कितीतरी जण ते तसंच करतात. ठोकळ्यांवर ठेवलेल्या होडीखाली जेमतेम साठ-सत्तर सेंटिमीटर जागा असते. खरवडलेला जुना रंग थेट तोंडावर पडतो, आणि जुन्या रंगात शिसं असण्याची दाट शक्यता असते. स्क्रू वरच्या दिशेने पिळायचा तर हाताचं निम्मं बळ हात वर धरून ठेवण्यातच जातं. मग स्क्रूड्रायव्हर खाचेतून निसटतो, खाच झिजते आणि तो स्क्रू पुढे कोरून काढावा लागतो. सांध्यात दाबून भरलेली लांबी (पुटी) थोड्या वेळाने सुटून खाली येते. रंध्याला तर त्या जागेत नीट झेपच घेता येत नाही. दोन तासांत मान आखडते. आखडलेल्या मानेने केलेलं काम कुठे केलं ते पुढे पाण्यात कळतं.

होडी पालथी घातली की तेच काम कंबरेच्या उंचीवर येतं. तळाची प्रत्येक फळी वरून दिसते, सांध्यात प्रकाश पडतो, पाणी अडवणारी कापसाची वात सांध्यात सरळ खाली ठोकता येते, रंग ओघळण्याऐवजी पसरतो. तळाच्या बऱ्याच फळ्या बदलायच्या असतील, कणा (तळाच्या मधोमध टोकापासून टोकापर्यंत जाणारं मुख्य लाकूड) काढायचा असेल किंवा सगळे स्क्रू नवे घालायचे असतील, तर पालथी घालण्याला पर्याय शोधण्यात वेळ घालवू नये असं माझं ठाम मत आहे. दोन फळ्या आणि चार सांध्यांसाठी मात्र हा खटाटोप करू नये.

होडी उलटायची म्हटली की पहिली चर्चा वजनाची होते. किती माणसं लागतील, क्रेन आत येईल का, चेनपुली कितीची हवी. हे प्रश्न खरे आहेत, पण त्यांची उत्तरं कागदावर मिळतात. जुन्या होडीच्या बाबतीत खरी धास्ती आकाराची असते. सरळ असताना तिचा जो आकार होता तोच पालथी झाल्यावर राहील का, आणि महिन्यांनी परत सरळ केल्यावर तोच मिळेल का? जवळजवळ सगळी तयारी या प्रश्नासाठी करायची असते.

कारण असं की होडी पाण्यासाठी घडवलेली असते. पाणी तिला तळाच्या प्रत्येक इंचावर खालून पेलतं. जमिनीवर हा आधार जातो आणि सगळा भार चार-सहा ठिकाणी एकवटतो. नवी होडी हे सोसते. तिचे स्क्रू घट्ट असतात, बरगड्या (फळ्यांना आतून धरणारी वळणदार लाकडं) अखंड असतात, फळ्या एकमेकींना रेटून बसलेल्या असतात. साठ-सत्तर वर्षांच्या होडीत यातलं किती शिल्लक आहे, हे तिला हात लावण्याआधी तपासावं लागतं.

तपासणी स्क्रूंपासून करावी. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. खाऱ्या पाण्यात वर्षानुवर्षं राहिलेल्या पितळी स्क्रूमधलं जस्त निघून जातं आणि मागे गुलाबीसर, सच्छिद्र, ठिसूळ तांबं उरतं. बाहेरून तो स्क्रू शाबूत दिसतो. पिळायला गेलं की डोकं तुटून हातात येतं. लोखंडी खिळ्याची गोष्ट वेगळी. तो स्वतः गंजतोच, शिवाय भोवतीचं लाकूड काळं आणि भुसभुशीत करून ठेवतो, त्यामुळे नवा खिळाही तिथे धरत नाही. तांब्याचे रिव्हेट सहसा टिकतात, पण सैल होतात. नाळेजवळ (म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाशी), मध्यावर आणि पिछाडीला, दोन्ही बाजूंनी, वेगवेगळ्या फळ्यांमधून एकेक असे साधारण वीस स्क्रू काढून पाहावेत. त्यातले पाच-सहा तुटले किंवा हातानेच निघाले, तर ही होडी स्क्रूंवर उभी नसून सवयीवर उभी आहे असं समजून पुढचं सगळं ठरवावं.

मग बरगड्या. वाफेवर वाकवलेली बरगडी मोडते ती हमखास जिथे बाक सर्वांत जास्त असतो तिथे, म्हणजे तळ संपून बाजू वर वळते त्या वळणावर. तिथे फळ्यांच्या आड चीर लपते. टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन एकेक बरगडी पाहावी, शंका आली तिथे टोच्या रोवून लाकूड किती आत घेतं ते बघावं. ओळीने तीन-चार बरगड्या मोडलेल्या असतील तर त्या भागाला आकार धरून ठेवणारं काही उरलेलं नसतं. अशा होडीला आधी सरळ असतानाच मोडक्या बरगड्यांशेजारी नव्या जोडबरगड्या बसवाव्यात आणि मग पालथं घालावं. घाई असली तरी हा क्रम बदलू नये.

कधी कधी पूर्ण उलटायची गरजही नसते. मोठी जहाजं पालथी घालता येतच नसत. ती उथळ किनाऱ्यावर भरतीत आणून ओहोटीत टेकवत आणि तेवढ्या वेळात तळ पाहून घेत. डार्विनच्या सफरीतल्या बीगल जहाजाचा कणा खडकावर आपटला होता, तेव्हा एप्रिल १८३४ मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या पातागोनियातल्या सांता क्रूझ नदीच्या मुखाशी ते असंच किनाऱ्यावर घेऊन तळाची तपासणी आणि डागडुजी झाली. लहान होडीतही एकाच बाजूचं काम असेल तर तिला नव्वद अंशांवर, कुशीवर, भरपूर गाद्या आणि टेकू देऊन ठेवता येतं. मात्र कुशीवरच्या होडीत कण्याचं सगळं वजन आडवं लटकतं आणि ते फक्त कण्यालगतच्या फळीच्या स्क्रूंवर येतं. त्यामुळे ही स्थिती काही दिवसांपुरती ठीक; महिनाभर होडी कुशीवर ठेवू नये.

उलटायचं ठरलं की मापं घ्यायची. इथे कंजूषी केली तर नंतर कशानेही भरून निघत नाही. नाळेच्या माथ्यापासून पिछाडीच्या फळीच्या मध्यापर्यंत बारीक पोलादी तार ताणून बसवावी. सुती दोरी मध्ये झोळ खाते आणि हवेप्रमाणे सैल-घट्ट होते. या मध्यरेषेपासून दोन्ही काठांची (बाजूंच्या वरच्या कडांची) अंतरं दर अर्ध्या मीटरवर मोजावीत. नाळेपासून डाव्या आणि उजव्या काठावरच्या जोडीच्या बिंदूंपर्यंतचे कर्ण मोजावेत. ते सारखे आले नाहीत तर होडी एका बाजूला सरकलेली आहे. कण्याखाली दोन्ही टोकांना सारख्या जाडीचे ठोकळे लावून दुसरी तार ताणावी आणि तारेपासून कण्याचं अंतर टिपत जावं. पाच ठिकाणी ६ मिमी प्लायचे साचे बाहेरून अंगाला बसतील असे कापून ठेवावेत. आकडे कागदावर राहतात, पण साचा पालथ्या होडीवर ठेवला की फट डोळ्यांना दिसते.

पीळ पाहायला विसरू नये. सुतार लांब फळीचा पीळ जसा पाहतात तसाच होडीचाही पाहता येतो: एक सरळ पट्टी पुढे काठांवर आडवी, एक मागे, आणि मागून डोळा लावून दोन्हींच्या वरच्या कडा जुळतात का ते बघायचं. पुढचा भाग मागच्याच्या मानाने दोन-तीन अंश फिरलेला असणं जुन्या, वर्षानुवर्षं वाकड्या टेकूंवर पडून राहिलेल्या होडीत सर्रास आढळतं.

या मापांतून जे वाकडेपण दिसेल ते शक्य तितकं आत्ताच, सरळ अवस्थेत काढावं. आकार पक्का करण्यासाठी आपण जे टेकू लावणार, ते चुकीचा आकारही तितक्याच इमानदारीने पक्का करतात. स्क्रू-जॅक लावून दिवसाला दोन-तीन मिलिमीटर, मध्ये एखादा दिवस विसावा, अशा गतीने होडी मूळ रेषेवर आणावी. लाकूड घाईने दाबलं तर तुटतं. वेळ दिला तर ते वळतं.

आता आतला सांगाडा. तीन ते पाच ठिकाणी, शक्यतो भक्कम बरगड्यांच्या रेषेत, ५० × १०० मिमीच्या आडव्या दांड्या काठापासून काठापर्यंत बसवाव्यात. प्रत्येक दांडीवर बरोबर मध्य कोरून ठेवावा, म्हणजे वरची मध्यतार सगळ्या खुणांवरून जाते की नाही हे कधीही एका नजरेत कळतं. आडव्या दांड्यांनी रुंदी टिकते, पीळ मात्र थांबत नाही. त्यासाठी काठापासून समोरच्या बाजूच्या तळवळणापर्यंत तिरके टेकू लागतात, दोन्ही दिशांनी, गुणाकाराच्या चिन्हासारखे. उघड्या होडीत हे तिरके टेकू नसतील तर बाकी सगळी तयारी वाया जाते. डेक असलेल्या होडीत डेकच्या तुळ्या बरंच काम करतात, तरी मधल्या मोकळ्या भागाला टेकू हवेतच. होडीच्या लाकडात नवी भोकं पाडू नयेत. काढलेल्या कड्या, खुंट्या, पट्ट्यांची जुनी भोकं असतात, ती वापरावीत, नाहीतर क्लॅम्प. बसायचे आडवे बाक काढायची घाई करू नये. फळीवर फळी चढवलेल्या हलक्या होड्यांत बाकच दोन्ही बाजूंना धरून ठेवतात, आणि ते काढले की होडी काही दिवसांत रुंद होते.

मग होडी रिकामी करायची. इंजिन, टाक्या, बॅटरी, शाफ्ट, पंखा, सुकाणू, सुटी आसनं, पायफळ्या, काच, वजनासाठी ठेवलेलं शिसं किंवा लोखंड, सगळं बाहेर. जुनं सहा सिलिंडरचं इंजिन एकटंच तीन-चारशे किलोंचं असतं. पेट्रोलची टाकी नुसती रिकामी करून चालत नाही. वाफ राहते, म्हणून ती काढून बाहेर न्यावी आणि तळाशी साठलेलं तेलकट पाणीही उपसावं. बरगड्यांमधल्या खाचांत वर्षांचा गाळ, शेवाळ, रंगाचे पापुद्रे आणि हरवलेले स्क्रू घट्ट बसलेले असतात. ते आधी ब्रशने आणि व्हॅक्यूमने काढले नाहीत तर होडी कुशीवर जाताच सगळं एका बाजूला घसरतं आणि नेमकं डेकच्या चकचकीत वॉर्निशवर येतं.

वजनाचा अंदाज लाकडावरून काढता येतो. अठरा चौरस मीटर फळ्या, जाडी १६ मिमी, म्हणजे सुमारे ०.२९ घनमीटर लाकूड. कोरडं महोगनी घनमीटरला साधारण ५५० किलो धरलं तर नुसत्या फळ्या १६० किलोंच्या आसपास. कणा, बरगड्या, तुळ्या, डेक धरून आकडा दुपटीच्या पुढे सहज जातो. पण अंदाजापेक्षा तोलणं बरं. टांगता काटा लावून आधी नाळेची बाजू जराशी उचलावी, मग पिछाडीची, आणि दोन्ही आकडे मिळवावेत. समजा नाळेला १८० किलो आले, पिछाडीला २७० आणि दोन उचलजागांमध्ये ४.८ मीटर अंतर आहे. एकूण ४५० किलो. आणि गुरुत्वमध्य पिछाडीच्या उचलजागेपासून १८० गुणिले ४.८ भागिले ४५०, म्हणजे १.९२ मीटर पुढे. हा बिंदू होडीच्या बाहेर खडूने ठळक काढावा. पट्टे असोत की रिंगा (दोन्हींबद्दल पुढे सांगतो), दोन्ही आधार या खुणेच्या दोन बाजूंना हवेत.

उलटताना नेमकं काय होतं ते आधी डोळ्यांसमोर आणलं पाहिजे. ही होडी १.८ मीटर रुंद आहे आणि तिचा गुरुत्वमध्य काठाच्या रेषेपासून ४५ सेंमी खाली आहे असं धरू. ती कुशीवर आली, म्हणजे नव्वद अंश फिरली, की लोकांना वाटतं अर्धं काम झालं, आता ती पलीकडे आपोआप जाईल. तसं होत नाही. टेकलेल्या काठाच्या मानाने वजन अजून तळाच्या बाजूला असतं, हात काढले तर ती परत मागे येते. तोल जातो तो आणखी २६-२७ अंश पुढे, साधारण ११७ अंशांवर. तिथपर्यंत तिला ढकलावं लागतं आणि तिथून पुढे रोखावं लागतं. त्या बिंदूपासून पूर्ण पालथी होईपर्यंत तिचा गुरुत्वमध्य अर्ध्या मीटरहून जास्त खाली येतो. साडेचारशे किलो अर्धा मीटर मोकळे पडले तर काठ फुटतो आणि काठापासून पहिल्या दोन फळ्यांचे सांधे उघडतात. म्हणून ढकलणाऱ्या बाजूपेक्षा रोखणाऱ्या बाजूची तयारी जास्त भक्कम हवी. सगळ्यांत जास्त होड्या इथेच जखमी होतात, कारण ढकलायला दहा माणसं उभी असतात आणि रोखायला एक दोरी.

शंभर-सव्वाशे किलोंपर्यंतची होडी माणसांनी उलटावी, गाद्या आणि जुने टायर अंथरून. माणशी पंचवीस किलोंहून जास्त भार धरू नये आणि उतरत्या बाजूला उचलत्या बाजूइतकीच माणसं असावीत. त्याहून जड होडीसाठी माझी पसंती रिंगांना आहे.

रिंग म्हणजे होडीभोवती बांधलेलं लाकडी चाक. दोन हवीत, एक गुरुत्वमध्याच्या पुढे, एक मागे. १८ मिमी प्लायचे दोन थर सांधे चुकवून चिकटवायचे. रिंग दोन अर्ध्या भागांत करून बोल्टने जोडायची म्हणजे होडीभोवती बसवता येते आणि नंतर काढता येते. चाकाचा मध्य होडीच्या उंचीच्या मध्यावर नको, गुरुत्वमध्यावर हवा. आपल्या होडीत तिथून काठाच्या कोपऱ्यापर्यंत एक मीटर अंतर आहे. लाकडाची जाडी धरून त्रिज्या १.१५ मीटर. पुढे होडी अरुंद असते म्हणून पुढची रिंग लहान करायचा मोह होतो. तसं केलं तर होडी सरळ न लोळता वळत जाते. दोन्ही रिंगांचा व्यास सारखाच ठेवावा. रिंग आणि होडीमधली जागा होडीच्या अंगाप्रमाणे कापलेल्या लाकडी गादीने भरावी, मध्ये जाड नमदा द्यावा आणि पाचरींनी आवळावं. पाचरी दोन्ही बाजूंनी समोरासमोर माराव्यात, नाहीतर एक बाजू दाबली जाते.

या खटाटोपाचा मोबदला मोठा आहे. पालथी होडी एका काठावर टेकवून दुसरा काठ उचलायचा तर सुरुवातीला २२५ किलोंचं बळ लागतं. रिंगेत गुरुत्वमध्य मध्यापासून १० सेंमी चुकला तरी कडेवर ४० किलोंचा रेटा पुरतो. चूक किती आहे हे आधीच तपासता येतं: होडी दहा-पंधरा अंश फिरवून हात सैल करावेत. ती परत सरळ आली तर गुरुत्वमध्य चाकाच्या मध्याच्या खाली आहे. पुढेच जायला पाहते आहे असं वाटलं तर वर आहे. पाचरी सैल करून होडी दोन-तीन सेंमी वरखाली सरकवली की तोल जुळतो. या चाचणीत प्रत्येक रिंगेच्या दोन्ही बाजूंना थांबठोकळा घेऊन माणूस उभा हवा.

एक गोष्ट मात्र शेडमध्ये होडी आणण्याआधीच मोजावी. १.१५ मीटर त्रिज्येचं चाक अर्धा फेरा घेतं तेव्हा होडी ३.६ मीटर बाजूला सरकते. जागा नसेल तर प्रत्येक रिंगेखाली दोन रोलर बसवून तिला जागच्या जागी फिरवता येतं. त्यासाठी रिंगेची कड अगदी गोल हवी, कारण दोन-तीन मिलिमीटरचा उंचवटाही रोलरवर अडतो. नाळ आणि पिछाडीच्या फळीला खिळी बसवून होडी आसावर फिरवायची पद्धतही आहे, आणि दिसायला ती फार सुबक असते. पण त्यात सगळं वजन दोन टोकांवर येतं आणि मधला भाग झोळतो. पिछाडीची जुनी फळी ज्या स्क्रूंनी धरली आहे त्यांच्यावर एवढा भरवसा ठेवायचं काही कारण नाही.

वर भक्कम तुळई किंवा गॅन्ट्री (उभ्या पायांवरची उचलायची चौकट) असेल तर पट्ट्यांनीही काम होतं. ७५ ते १०० मिमी रुंद पॉलिएस्टरचे दोन पट्टे, प्रत्येकाच्या दोन टोकांना वेगळी चेनपुली. एक आवळायची, दुसरी सोडायची, की होडी पट्ट्यात फिरते. धोका दाबाचा. पट्ट्याचे पाय (होडीपासून वर जाणाऱ्या त्याच्या दोन बाजू) जमिनीशी ६० अंशांत असतील तर प्रत्येक पायावर त्या पट्ट्याने पेललेल्या वजनाच्या ०.५८ पट ताण येतो. ३० अंशांत असतील तर पूर्ण वजनाइतका, आणि काठ आत दाबणारं बळ वजनाच्या ०.८७ पट. म्हणून वरचा आडवा बार होडीपेक्षा रुंद घ्यावा, पाय जवळजवळ उभे राहतील असा. पट्टा अरुंद भागाकडे घसरतो, नाळेकडचा तर हमखास. दोन्ही पट्टे एकमेकांना लांबीच्या दिशेने बांधून ठेवावेत.

प्रत्यक्ष उलटण्याच्या दिवशी फारसं काही घडू नये. पद्धत कोणतीही असो, मला सर्वांत महत्त्वाचे वाटतात ते दोन ओळंबे. एक पुढच्या रिंगेवर किंवा आडव्या दांडीवर, एक पिछाडीच्या फळीवर, दोन्हींमागे अंश काढलेली प्लायची तबकडी. होडी दहा-दहा अंशांनी फिरवायची, थांबायचं, दोन्ही आकडे मोठ्याने वाचायचे. दोन अंशांहून जास्त फरक पडला तर मागे राहिलेलं टोक आधी पुढे आणायचं. पुढचं टोक फिरलं आणि मागचं अडलं, तर तो फरक होडी स्वतःच्या अंगात पीळ घेऊन भरून काढते, आणि सांधे उघडण्याचा बारीक करकर आवाज येतो. हुकूम एकाच माणसाने द्यावा. ‘थांबा’ मात्र कुणीही म्हणू शकतं आणि ते ऐकताच सगळ्यांनी थांबावं. उतरत्या बाजूला आणि होडीखाली कुणीही नको, हातसुद्धा नको. ११७ अंशांच्या अलीकडे, साधारण शंभरावर, मुद्दाम थांबून रोखणाऱ्या दोऱ्या पुन्हा तपासाव्यात. त्या खुंटीला दोन-तीन वेढे देऊन सोडाव्यात, हाताने धरून नाही.

पालथी झाली म्हणून तिला जमिनीवर ठेवून देऊ नये. बहुतेक जुन्या होड्यांच्या काठाची रेषा टोकांकडे वर चढते. उलटल्यावर ही टोकंच सर्वांत खाली येतात, होडी नाळ आणि पिछाडीवर टेकते आणि मध्यभाग अधांतरी राहून झोळतो. पालथ्या होडीचा मध्य खाली झोळणं म्हणजे सरळ होडीचा कणा मध्ये वर उचलला जाणं, अर्थात पोक. वर्षानुवर्षं पाण्यात राहून होडीला जो रोग जडतो, तोच आपण शेडमध्ये महिनाभरात लावतो. त्यामुळे आधार काठाखालच्या भक्कम पट्टीला आणि तुळयांच्या जागी, किमान तीन जोड्या, प्रत्येकीची उंची काठाच्या रेषेप्रमाणे वेगळी.

हेच उलट दिशेने वापरता येतं, आणि होडी पालथी घालण्यातला मला हा सर्वांत सुंदर भाग वाटतो. होडीला आधीच पोक असेल तर मधल्या आधारांवर भार घेऊन टोकांखालचे आधार थोडे थोडे उतरवत न्यावेत. टोकं स्वतःच्या वजनाने खाली येतात, म्हणजे सरळ अवस्थेत ती वर जातात, आणि कणा आपल्या रेषेवर परत येऊ लागतो. जुनी घट्ट फळी किंवा नीट न सुटलेला सांधा आड येत असेल तर तो मोकळा करावा. टोकांवर वाळूच्या पिशव्या ठेवता येतात, पण बेताने. ‘कॉन्स्टिट्यूशन’ या जुन्या अमेरिकी युद्धनौकेच्या कण्याला एका फुटाहून जास्त पोक आलेलं होतं. १९९२ ते १९९५ च्या दुरुस्तीत गोदीतल्या ठोकळ्यांवर ते हळूहळू बसू दिलं गेलं आणि मग आत तिरक्या तुळ्या घालून तो आकार पक्का केला गेला. जहाज सरळच होतं, पण तत्त्व तेच आहे: वजनाला वेळ द्यायचा आणि तिरक्या जोडाने ते धरून ठेवायचं. तारेची मापं दर दोन दिवसांनी घेत राहावीत. दोन मापं सारखी आली की आधार पक्के करून पुढच्या कामाला लागावं.

तळ उघडताना सगळ्या फळ्या एकदम काढू नयेत, कितीही कुजलेल्या दिसल्या तरी. डावीकडे एक, मग उजवीकडे तिच्या जोडीची, असं करत जावं आणि काढलेली प्रत्येक फळी साच्यासाठी जपून ठेवावी. तळ आणि बाजू कोनात मिळतात अशा होड्यांत त्या कडेची लांब पट्टी आणि कणा दोन्ही एकाच वेळी बाहेर असू नयेत. एक बदलून पूर्ण बसल्यावरच दुसरं काढावं. काही जुन्या इंजिन-होड्यांना तळाच्या फळ्यांचे दोन थर असतात, मध्ये कापड आणि चिकट लेप. वरचा थर चांगला दिसतो आणि आतला सडलेला असतो, म्हणून एका जागी तरी आतल्या थरापर्यंत उघडून पाहावं. नवे स्क्रू सिलिकॉन ब्राँझचे घ्यावेत. पितळी नकोत.

कोरडेपणावर डोळा ठेवावा. पालथ्या होडीच्या दोन्ही अंगांनी वारा खेळतो आणि ती सरळ होडीपेक्षा लवकर वाळते. १२-१३ सेंमी रुंदीची फळी फार वाळली तर एक-दीड मिलिमीटर अरुंद होते; दहा फळ्यांत हा हिशोब एक ते दीड सेंमीवर जातो. रुंदावलेले सांधे पाहून कुणी त्यात कापूस ठासून भरतो, किंवा नवी फळी अशा वाळलेल्या जागेत करकचून बसवतो. पाण्यात गेल्यावर फळ्या फुगतात, त्यांना जागा मिळत नाही, आणि त्या बरगड्यांवरचे स्क्रू उपटतात किंवा बरगड्याच मोडतात. होडीखाली जमिनीवर ओली पोती अंथरावीत, लाकडाला न टेकता, आणि उन्हाची तिरीप सरळ तळावर येऊ देऊ नये.

काम संपल्यावर परत सरळ करताना सगळं गणित नव्याने मांडावं. नव्या फळ्या, नवा कणा, लेप आणि रंगाने होडी जड झालेली असते आणि ही सगळी भर तळाकडे असते, म्हणजे गुरुत्वमध्य काठापासून आणखी दूर गेलेला असतो. आधी नीट तोल सांभाळणारी रिंग आता तशी सांभाळणार नाही. पुन्हा तोलून, पाचरी बदलून, दहा अंशांची चाचणी परत घ्यावी. रंग हाताला कोरडा लागला तरी आत मऊ असतो, त्यावर पट्टा किंवा गादी दाबली की वीण उमटते. म्हणून तळाचा शेवटचा हात सरळ केल्यानंतर, टेकू एकेक करून सरकवत द्यावा आणि गादीखाली प्लास्टिक न घालता सुती कापड घालावं.

सरळ झाल्यावर आतला सांगाडा लगेच काढू नये. होडी तिच्या कायमच्या ठोकळ्यांवर बसवून, कण्याखाली पूर्ण लांबीत आधार देऊन, आठवडाभर ठेवावी. मग पहिल्या दिवशीची तार पुन्हा ताणावी, कर्ण मोजावेत, साचे अंगाला लावून पाहावेत. आकडे जुळले की आधी बाक आणि तुळ्या पक्क्या कराव्यात, नंतर तिरके टेकू सोडावेत, पुढचे आणि मागचे आलटून पालटून, आणि प्रत्येक टेकू निघाल्यावर पिळाच्या दोन पट्ट्या ठेवून एकदा नजर टाकावी. आडव्या दांड्या शेवटी. इंजिन त्यानंतरच आत जावं, आणि शाफ्टची जुळणी होडी पाण्यात दोन-चार दिवस फुगून स्थिर झाल्यावर पुन्हा तपासावी.